शाळेतल्या मावशींचा स्मृतिलेख कसा लिहावा

शाळेत तीस-पस्तीस वर्षे सेविका, शिपाई किंवा आयाबाई म्हणून काम केलेली बाई गेली, की नागपुरात दोन ठिकाणी दोन वेगळ्या मजकुरांची जुळवाजुळव सुरू होते. घरचे लोक वर्तमानपत्रासाठी चार ओळी लिहून देतात आणि त्यांत ती बहुधा 'अमुक यांच्या मातोश्री' एवढीच उरते. तिने उभ्या आयुष्यात केलेल्या नोकरीचा उल्लेखही कित्येकदा नसतो. इकडे माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर 'आपल्या मावशी गेल्या' असा निरोप येतो, हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते आणि रात्रीपर्यंत कोणीतरी विचारते, की मावशींचे पूर्ण नाव काय होते? घराला ठाऊक असलेली आई आणि शाळेला ठाऊक असलेली मावशी ही एकच बाई होती, हे वाचणाऱ्याला दिसेल इतपत माहिती मिळवणे आणि ती नीट मांडणे हे स्मृतिलेख लिहिणाऱ्याचे काम आहे. ते कसे करावे, हे येथे सांगितले आहे.

आधी निधनवार्ता

पहिल्या दिवशी लेख लिहायला बसू नये. त्या दिवशी घरच्यांना निधनवार्तेसाठी मदत करावी, कारण दुसऱ्या दिवशीच्या अंकात बातमी यायची तर मजकूर संध्याकाळपर्यंत दैनिकाच्या कार्यालयात पोहोचावा लागतो आणि घरात त्या वेळी कोणाचेही चित्त थाऱ्यावर नसते. पूर्ण नाव, वय, राहण्याची वस्ती, अंत्यसंस्काराची वेळ आणि घाट, मागे कोण आहे, एवढे त्यात हवेच. घाटाचे नाव स्पष्ट लिहावे. अंबाझरी, मोक्षधाम, गंगाबाई, मानेवाडा, मानकापूर असे अनेक घाट शहरात असल्यामुळे 'घाटावर' एवढ्यावर काम भागत नाही आणि शाळेतून निघालेली मंडळी भलतीकडे पोहोचतात. त्याबरोबर एक वाक्य आग्रहाने घालावे: 'त्या अमुक शाळेच्या सेवानिवृत्त सेविका होत्या आणि त्यांनी तेथे इतकी वर्षे सेवा केली.' हे वाक्य कोणत्याही कुटुंबाला खटकत नाही. घाईत ते कोणाला सुचलेले नसते, एवढेच.

लेख कोणत्या दिवशी वाचला जाणार, हे घरी विचारूनच ठरवावे. काही घरांत तेरवी असते, बौद्ध कुटुंबात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो, मुस्लिम घरात चाळिसावा असतो, तर ख्रिस्ती कुटुंब प्रार्थनासभा ठेवते. शाळेतल्या शोकसभेची तारीख वेगळी असू शकते. 'तेरवीला वाचू या' असे परस्पर ठरवून मोकळे होणारे उत्साही माजी विद्यार्थी प्रत्येक तुकडीत असतात. त्यांना वेळीच आवरावे.

कागद काय सांगतात

मावशी अनुदानित खासगी शाळेत, महानगरपालिकेच्या शाळेत किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत कायम पदावर असतील, तर त्यांचे सेवापुस्तक असते. निवृत्तिवेतनाच्या कामासाठी घरच्यांनी त्याची प्रत घेतलेली असण्याचा संभव असतो. नसल्यास मुलाने किंवा मुलीने मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्यावा आणि शाळेच्या बाबूंशी बोलावे. सेवापुस्तकाचे पहिले पान लेखकाने निवांत पाहण्यासारखे असते. त्यावर जन्मतारीख, शिक्षण आणि उंची असते, ओळखीची खूण म्हणून गालावरचा तीळ किंवा कपाळावरचा व्रण नोंदलेला असतो, आणि खाली डाव्या हाताच्या बोटांचे ठसे असतात. ज्या हातांनी पुढे हजारो वेळा घंटा वाजवली त्या हाताची नोकरीच्या सुरुवातीची ही नोंद आहे. ती पाहावी, मनात ठेवावी. तिचे छायाचित्र मात्र कोठेही टाकू नये. पुढच्या पानांवर रुजू झाल्याची तारीख, मान्यता, बदल्या, रजा आणि वेतन आयोगांप्रमाणे झालेली वेतननिश्चिती ओळीने सापडते.

जन्मतारखेबाबत सावध राहावे. त्या पिढीतल्या असंख्य लोकांची जन्मतारीख १ जून अशी नोंदलेली आहे, कारण शाळेत नाव घालताना खरी तारीख ठाऊक नसली, की गुरुजी तीच लिहीत. अशा वेळी 'जन्म १ जून १९५२' असे ठामपणे लिहिण्यापेक्षा 'नोंदीप्रमाणे जन्म १९५२ चा' असे लिहावे आणि घरच्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारावे. 'पोळ्याच्या आदल्या दिवशीचा जन्म' अशी आठवण कोणीतरी नक्की काढते. निवृत्तीचे साल ठाऊक नसेल, तर चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय ६० आहे, त्यावरून ते काढता येते. शिक्षकांबरोबर ५८ धरून हिशेब केला, तर दोन वर्षांची चूक होते.

सगळ्यांचे सेवापुस्तक असतेच असे नाही. शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या स्वयंपाकी आणि मदतनीस बाया मानधनावर काम करतात. त्यांची नावे शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात, मानधनाच्या पावत्यांवर किंवा बचत गटाच्या वहीत शोधावी लागतात. बालवाडीतल्या आयाबाईंची तर कित्येकदा तेवढीही नोंद नसते आणि मग गॅदरिंगचे फोटो, हस्तलिखित अंक आणि लोकांची स्मरणशक्ती यांवरच भिस्त ठेवावी लागते. घरचे कागद गेलेले असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात अंबाझरीच्या खालच्या आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरले होते. तिथल्या कुटुंबाला 'जुने कागद दाखवा' असे सहज म्हणू नये.

या नोंदी आत्ताच काढून ठेवण्याला आणखी एक कारण आहे. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने खासगी अनुदानित शाळांतली चतुर्थश्रेणी पदे पूर्वीसारखी भरणे थांबले आणि त्यांच्या जागी ठोक शिपाई भत्त्याची व्यवस्था आली. एकाच शाळेत तरुणपणी रुजू होऊन साठाव्या वर्षी निरोपाचा नारळ घेणारी बाई यापुढे क्वचितच दिसेल, तेव्हा अशी नोकरी कशी असे, हेही लेखातून थोडे कळावे.

कोणाला काय विचारावे

लेखाचा खरा ऐवज माणसांकडे असतो, परंतु 'मावशींबद्दल काही सांगा' असा प्रश्न केला, की समोरचा माणूस विशेषणे सांगू लागतो: फार प्रेमळ होत्या, फार कष्टाळू होत्या, कधी कोणाला उलट बोलल्या नाहीत. यातले शेवटचे तर बहुधा खोटेच असते. म्हणून प्रश्न कामाचे विचारावेत. फाटक किती वाजता उघडत? शाळेच्या किल्ल्या घरी नेत की शाळेत ठेवत? घंटा पितळी होती, की रुळाचा टांगलेला तुकडा होता? मधल्या सुट्टीत त्यांचा डबा कोठे आणि कोणाबरोबर उघडे? नोटिशीची वही वर्गात घेऊन येताना त्या दारात थांबत, की सरळ आत येत? दहावी-बारावीच्या परीक्षांचे केंद्र शाळेत असे तेव्हा, मतदान असे तेव्हा, निकालाच्या दिवशी, त्यांना किती वाजेपर्यंत थांबावे लागे? अशा प्रश्नांना उत्तर देताना माणसाला प्रसंग आठवतो आणि प्रसंगातून स्वभाव आपोआप बाहेर येतो.

नागपूरच्या शाळेत काम केलेल्या बाईबद्दल विचारताना उन्हाळा विसरू नये. मार्चपासून सकाळची शाळा, माठ आणि रांजण भरणे, कूलरमध्ये पाणी टाकणे, भोवळ आलेल्या पोराला कांद्याचा वास देणे ही कामे कोण करत असे? शिवाय शिक्षकांना आणि मुलांना उन्हाळ्याची सुट्टी असते, पण शिपायांना ती तशी नसते. पारा ४५ अंशांच्या वर गेलेल्या मे महिन्यात दाखल्यासाठी आलेल्या पालकाला कार्यालयाचे दार उघडून देणारी, जूनमध्ये पुस्तकांचे गठ्ठे उतरवून घेणारी आणि विदर्भातल्या शाळा उघडण्याआधी बंद वर्गांतली धूळ काढणारी बाई विद्यार्थ्यांनी कधी पाहिलेलीच नसते. ते केवळ बाबूंना आणि जुन्या मुख्याध्यापकांना ठाऊक असते, म्हणून त्यांना अवश्य भेटावे.

सोबत काम केलेल्या शिपायांना आणि सेविकांना शिक्षकांच्या आधी भेटावे, असे माझे मत आहे. शिक्षकांच्या आठवणींत मावशी चहा घेऊन येतात आणि निघून जातात. बरोबरीच्या बाईला मात्र ठाऊक असते, की पहिल्या पगाराची भिशी कोणत्या कामासाठी लावली होती, पतीच्या आजारपणात कोणी किती दिवस बदली काम केले, आणि मावशींचे कोणाशी पटत नव्हते.

आता घर. मुलांशी बोलताना घाई करू नये. तेरवीच्या आधी तर प्रश्नांची यादी घेऊन जाऊच नये. नुसते जाऊन बसावे, चहा घ्यावा, आणि फोटोंचा डबा निघालाच तर फोटोंवर बोलावे. नंतर एखाद्या निवांत दुपारी विचारावे: आई शाळेतून आल्यावर आधी काय करत? शाळेतल्या कोणत्या मुलाचे नाव घरात वारंवार निघे? तुम्ही तिच्याच शाळेत शिकलात की दुसऱ्या? तिच्याच शाळेत शिकलेल्या मुलांकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते, कारण आईने वर्गाच्या दारात ओळख दाखवायची की नाही, हा प्रश्न त्यांनी रोज सोडवलेला असतो. पगाराचे काय झाले, हेही विचारावे. नागपुरात या पिढीच्या कित्येक बायांनी शहराच्या कडेच्या एखाद्या लेआउटमध्ये किस्तीवर प्लॉट घेतला, नागपूर सुधार प्रन्यासच्या कार्यालयात आरएलसाठी, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याच्या पत्रासाठी, खेटे घातले आणि खोली-खोली करत घर उभे केले. त्या घराची हकीकत शाळेतल्या कोणालाही माहीत नसते आणि लेखात ती आली, की शोकसभेत बसलेल्या शिक्षकांना आपण त्या बाईला किती थोडे ओळखत होतो, हे वेगळे सांगावे लागत नाही.

ऐकलेले सारे लगेच वहीत उतरवावे. आवाज ध्वनिमुद्रित करायचा असल्यास विचारून करावा. मावशींचे बोलणे कोणी जसेच्या तसे सांगितले, तर ते तसेच लिहावे. 'उन्हात काहून हिंडून राहिले रे पोट्टेहो?' हे वाक्य सुधारून 'मुलांनो, उन्हात का फिरता?' असे केले, तर ते मावशींचे राहत नाही, कोणत्याही पाठ्यपुस्तकातले होते. लेखाची भाषा प्रमाण असावी, अवतरणातली त्यांची असावी.

आठवणीतली साले तपासून घ्यावीत. लोकांना तारखा आठवत नाहीत, पण आजूबाजूच्या घटना आठवतात: नोव्हेंबर १९९४ मधले गोवारी मोर्चातले मृत्यू, मार्च २०१९ मध्ये धावलेली मेट्रो, मार्च २०२० ची टाळेबंदी. 'त्याच्या आधी की नंतर?' असे विचारले, की साल जवळ येते. काही दावे योजनेच्या इतिहासावरूनही पडताळता येतात. शालेय पोषण आहार योजना १९९५ मध्ये सुरू झाली तेव्हा मुलांना घरी न्यायला तांदूळ मिळत असत, आणि शिजवलेले अन्न शाळेत देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश नोव्हेंबर २००१ चा आहे. तेव्हा 'मावशी आम्हांला १९९६ मध्ये सरकारी खिचडी वाढत' असे कोणी सांगितले, तर साल बहुधा सरकलेले असते. मावशींनी घरून आणलेले काही वाढले असेल, तर ती वेगळी आणि अधिक मोलाची गोष्ट आहे, ती खोदून विचारावी.

लिहिताना

सुरुवात पूर्ण नावाने करावी आणि माहेरचे नाव व गावही द्यावे, म्हणजे सावनेर, काटोल किंवा उमरेडकडचे नातेवाईक वाचतील तेव्हा त्यांनाही ओळख पटेल. संबोधन एकच ठेवावे. मुलगा किंवा मुलगी लिहीत असेल, तर 'आई' आणि 'ती' हेच शोभते. माजी विद्यार्थ्याने किंवा शिक्षकाने मात्र 'त्या' लिहावे; शाळेत वयाने लहान शिक्षकही त्यांना अगं-तुगं करत असतील, पण ती सवय लेखात आणण्याचे कारण नाही.

विशेषणांच्या जागी काम कसे येते, हे एका नमुन्यावरून पाहू. पहिल्या खर्ड्यात साधारण असे लिहिलेले असते:

'मावशी अत्यंत कष्टाळू, प्रेमळ आणि मनमिळाऊ होत्या. त्यांनी सर्व विद्यार्थ्यांना आईची माया दिली.'

हेच विचारपूस केल्यानंतर असे लिहिता येईल:

'शाळा सातला भरे आणि मावशी सव्वासहाला फाटक उघडत. आधी टाकी पाहायची, मग माठ भरायचे, मग वर्गांची कुलुपे काढायची, हा त्यांचा क्रम होता. पाचवीच्या खोलीचे कुलूप अडकत असे. त्याच्या किल्लीला त्या खोबरेल लावत आणि बोटांना उरलेले तेल पदराला न पुसता केसांवरून फिरवत. त्याच वेळी घरी त्यांची धाकटी लेक शेजारच्या काकूंकडून वेणी घालून घेत असे, कारण आईची शाळा तिच्या शाळेच्या आधी भरायची.'

दुसऱ्या मजकुरात 'कष्टाळू' हा शब्द कोठेही नाही. शेवटच्या वाक्यात घर आणि शाळा एकाच घटकेला दिसतात, आणि ते वाक्य किल्लीची आठवण सांगणारा शिपाई व वेणीची आठवण सांगणारी लेक या दोघांना भेटल्याशिवाय लिहिता आले नसते. असा एक जरी परिच्छेद जमला, तरी लेख उभा राहतो. बाकीचा भाग साध्या माहितीचा असला तरी चालतो.

'सगळ्यांची आई' हे वाक्य जपून वापरावे, शक्यतो वापरूच नये. ते म्हणणाऱ्याला गौरवाचे वाटते, पण सभेत पहिल्या रांगेत तिची स्वतःची मुले बसलेली असतात, आणि गॅदरिंगच्या रात्री आई उशिरा आल्यामुळे त्यांनी स्वतःच्या हाताने वाढून घेतलेले असते. शाळेला मिळालेला वेळ कोणाच्या तरी वाट्याचा होता, हे लेखकाने ओळखावे आणि मुलांची परवानगी असेल तर साध्या शब्दांत लिहावेही. तक्रारीचा सूर नको आणि त्यागाची आरतीही नको.

स्वभावातली धार काढून टाकू नये. घंटा झाल्यावर फाटक लावून घेणाऱ्या, उशिरा आलेल्याला रडकुंडीला आणणाऱ्या आणि मुख्याध्यापकांनाही 'ओले आहे, पाय नका देऊ' असे बजावणाऱ्या मावशी वाचकाला खऱ्या वाटतात. याउलट आजाराचे तपशील, घरातले वाद, कर्ज, पतीचे व्यसन या गोष्टी घरच्यांनी आपणहून सांगितल्या असल्या तरी विचारल्याशिवाय छापू नयेत. दुःखात माणूस बोलून जातो आणि महिन्याभराने त्याला ते नको असते. पूर्ण मजकूर घरातल्या किमान दोघांनी वाचलेला असावा, कारण भावंडांच्या आठवणींत फरक असतो आणि एकाने होकार दिलेले वाक्य दुसऱ्याला लागू शकते.

सभेत वाचताना आणि त्यानंतर

सभेसाठी चार-पाचशे शब्दांचा वेगळा मजकूर करावा. तो सावकाश वाचला, तर चार-पाच मिनिटे लागतात आणि त्यापेक्षा जास्त वेळ खुर्च्या स्वस्थ बसत नाहीत. ठळक अक्षरांत कागदावर छापून घ्यावा, मोबाइलवरून वाचू नये, कारण नेमक्या त्याच वेळी फोन येतो. आवाज दाटून येईल असे वाटत असेल, तर दुसरी प्रत शेजारच्या माणसाकडे द्यावी. मावशींच्या सोबत काम केलेल्यांपैकी एकाला बोलायला सांगावे, आणि अध्यक्षांच्या भाषणानंतर वेळ उरला तर नव्हे, आधीच.

माजी विद्यार्थी पैसे जमवणार असतील, तर संगमरवरी पाटीपेक्षा ठेव बरी. शाळेच्या नावाने ५०,००० रुपयांची मुदत ठेव केली आणि व्याज साडेसहा टक्के धरले, तर वर्षाला ३,२५० रुपये येतात आणि त्यातून एक पारितोषिक दरवर्षी देता येते. ते पहिल्या येणाऱ्यालाच द्यावे असे नाही. पहिल्या येणाऱ्याला बक्षिसे पुष्कळ असतात. शाळेतल्या चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याच्या किंवा पोषण आहार शिजवणाऱ्या बाईच्या शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला द्यावे आणि पारितोषिकाच्या यादीत 'मावशी' असे न लिहिता त्यांचे पूर्ण नाव लिहावे. ठेवीची पावती कोणाकडे राहील आणि नूतनीकरण कोण करील, हे मुख्याध्यापकांकडून लेखी घ्यावे, नाहीतर दोन बदल्यांनंतर पावतीचा पत्ता लागत नाही.

अंतिम लेखाच्या तीन प्रती काढाव्यात: एक घरच्यांना, एक शाळेच्या ग्रंथालयात आणि एक लिहिणाऱ्याजवळ. सोबतच्या प्रत्येक फोटोच्या मागे साल, प्रसंग आणि डावीकडून उजवीकडे उभ्या असलेल्या सर्वांची नावे पेन्सिलीने लिहावीत. शिक्षकांची नावे लिहून कडेला उभ्या असलेल्या बाईला 'सेविका' एवढेच लिहिण्याची जुनी पद्धत येथे पाळू नये.